पाठमोरा दरबार आणि फितूर ठरलेली सारंगी

श्रीगजाननाचे कान थोर, त्या कानांस आधी दंडवत. श्रीशारदेचे बोट थोर, त्या बोटास दंडवत. ज्याने ऐकिले त्यास दंडवत, आणि न ऐकता ज्याने नुसती मान डोलाविली त्यासही दंडवत, कारण तैसे लोक नसतील तर दरबार भरावा कोणी? शके सोळाशे चौऱ्याहत्तर, अंगिरा नाम संवत्सर, ते साली आपले राज्यात सिंहासनारोहणाचे समयी सारंगीवरोन मोठा कलह जाहला आणि राज्याची लाज जाता जाता राहिली. ती हकीकत कोणी काही सांगतो, कोणी काही सांगतो, आणि जो तेव्हां गावात नव्हताच तो सर्वांहून अधिक सांगतो. याजकरिता आम्ही डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकिले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यास ठाऊक त्यास ठाऊक, आणि ज्यास ठाऊक नाही त्यास सांगोन तरी उपयोग काय?

या राज्याची चाल मुलखावेगळी. मूळपुरुषांनी मुलूख मिळविला आणि गादी घातली, ते वेळी सरदार मंडळी मानपानावरोन रुसली. अमक्यास उजवीकडे का बसविले, तमक्यास विडा आधी का दिला, ऐसे होता होता अवघे सरदार सिंहासनाकडे पाठ करोन बसले. आपले लोक तोफेचे तोंडी जातील, परंतु विडा मागाहून मिळाला तर सात पिढ्या विसरणार नाहीत. मग मूळपुरुषांच्या मातुश्री उठल्या, त्यांनी कोणास समजाविले नाही, कोणास दटाविले नाही, सिंहासनापाशी उभे राहोन लेकास उद्देशोन एक ओवी म्हटली, आणि कोपऱ्यात एक सारंगिया बसला होता त्याने साथ धरिली, आणि गळा व सारंगी ऐसे एकजीव जाहले कीं दोन कोण आणि एक कोण हे कळेना, आणि रुसलेले सरदार आपण रुसलो आहो हेच विसरले आणि एकेक करोन वळले आणि मुजरे केले. तेव्हांपासोन चाल पडली कीं नवा राजा बसावयाचा तेव्हां दरबाराने पाठ करोन बसावे, राजाच्या आईने ओवी म्हणावी, साथीला वाद्य असावे, आणि गळा व वाद्य एक ऐकू आले तर वळावे, दोन ऐकू आली तर वळू नये. मुहूर्त टळेपर्यंत दरबार वळला नाही तर वर्षपर्यंत गादी रिकामी, आणि तोवर राज्याची शिक्केकट्यार, ती हुकुमतीची निशाणी, शेजारचे दौलतीने सांभाळावी, ऐसा जुना तह. सांभाळावी म्हणजे काय ते जाणत्यास सांगणे न लगे. मांजरास दुधाची राखण सांगितली तर दूध फार चांगले राखिले जाते. त्याजकरिता शेजारचा वकील ऐसे समयी दरबारात हजर असे, आणि त्याची नजर सिंहासनाकडे कमी आणि शिक्क्याकडे अधिक असे.

ते साली थोरले महाराज कैलासवासी जाहले. चिरंजीव महाराज उमेदीचे, घोड्यावर पक्के, लग्न नुकतेच जाहलेले, मर्जी शांत, परंतु एकदा शब्द गेला तर माघारा घेणे नाही. मातुश्री गोजराबाईसाहेब यांचा गळा एके काळी ऐसा होता कीं त्या देवघरात भूपाळी म्हणत आणि चौकात पाणी भरणाऱ्या बायका घागर भरोन वाहू लागली तरी उभ्या राहात. परंतु थोरले महाराज गेले आणि बाईसाहेबांनी कित्येक महिने तोंडातोन सूर काढिला नाही, आणि मग काढिला तेव्हां तो पहिल्या जागी राहिला नव्हता. खाली उतरला होता, आणि उतरला तो एके ठायी टिकेना, कापे आणि सरके. हे कारभाऱ्यांस कळले आणि त्यांची पाचावर धारण बसली.

कारभारी गिरमाजीपंत. मनुष्य सज्जन, हाताचा स्वच्छ, राज्याकरिता जीव टाकणारा, परंतु त्यास मापाचे वेड. त्याने पेठेतील शेर एक केले, कापडाची मापे एक केली, विटांचे साचे एक केले, आणि त्या सर्वांत लोकांचे कल्याणच जाहले, ना म्हणवत नाही. परंतु ज्याचे हाती हातोडा आला त्यास जिकडे तिकडे खिळेच दिसो लागतात. शेजारचे दौलतीचे वकील सदोबा नाईक यांनी हे बरोबर हेरिले. हे गृहस्थ बोलावयास ऐसे गोड कीं त्यांचेशी बोलोन उठल्यावर तोंड धुवावे लागे, आणि ओठांत एक, पोटांत एक. ते पंतांकडे एक पेटी घेऊन आले. टोपीकराने दर्यापार घडविलेली, आत भाता, वरती पट्ट्यांची रांग, पट्टी दाबिली कीं सूर निघे आणि तो सूर आज निघाला तोच उद्या, तोच परवा. नाईक म्हणाले, "पंत, आपली काळजी जाणोन ही भेट आणिली. ही कधी चुकत नाही. आपली सारंगी काय? तिजवर ना पडदा, ना पट्टी, ना खूण. सारे वादकाच्या कानावर. आज कान बरा असला तर बरे, सर्दी जाहली तर राज्य बुडाले!" पंतांनी पट्टी दाबोन पाहिली, सोडिली, पुन्हा दाबिली. तोच सूर. पंतांचे डोळ्यांस पाणी आले. म्हणाले, "नाईक, जन्मभर जे शोधीत होतो ते हे." तेव्हां नाईक मिशीत हसले, हे आम्ही पाहिले.

मग पंतांनी हुकूम काढिला. जी जी वाद्ये पडद्याविना आणि पट्टीविना नुसत्या कानावर वाजतात, तितक्यांस पेटीबरहुकूम लाखेच्या खुणा कराव्या, आणि वादकाने खुणेवर बोट ठेवावे, खुणेबाहेर ठेवू नये. आणि मग जी तारांबळ उडाली ती काय सांगावी! रबाबियांनी रबाब माळ्यावर लपविले. बासरीवाल्यास पंतांचे शागीर्द पुसो लागले कीं फुंकीस खूण कोठे करावी, आणि त्याचे ओठांस दोरी लावोन माप घेऊ लागले, तो बिचारा हसू लागला, हसता फुंकवेना, तर म्हणाले हा हुकुमाची थट्टा करितो. एका शहाण्याने अर्ज केला कीं गवयाचे गळ्यासही पडदा नाही, तर गवयांचे गळ्यांवर गंधाच्या रेघा ओढाव्या. हा अर्ज पंतांनी बाजूस ठेविला, फाडिला नाही. बीनकार आणि सतारिये यांचे वाद्यांस पडदे मूळचेच, ते मजेत होते, परंतु त्यांतला एक वृद्ध बीनकार म्हणाला कीं, "अरे, पडदा आहे तो बोटाला घर दाखवावयास आहे. घरात जावयाचे तर तार ओढावीच लागते, आणि ती किती ओढावी हे कानच सांगतो." त्याचे कोणी ऐकिले नाही.

आता सारंगिये दावलखां यांचे सांगतो. दरबारचे सारंगिये, मूळपुरुषांचे वेळचा जो सारंगिया त्याचे वंशातले. हा मनुष्य गरीब गाय नव्हे. गर्व मोठा, जीभ तिखट, अत्तर लाविल्याविना सारंगीस हात लावणार नाही, आणि साथीला कोणी गवई बेसूर गेला तर भर मैफलीत सारंगीचा गज खाली ठेवोन पान खात बसणारा. परंतु वाजवी तेव्हां खोटे नाही बोलवत, दगडास पाझर फुटे. सारंगीचे वर्म ऐसे कीं तातीवर, म्हणजे तिचे तारेवर, बोट दाबावयाचे नाही, नखाचे मूळ बाजूने टेकवोन सरकवावयाचे. केसभर वर गेले तर सूर गेला, केसभर खाली आले तर सूर गेला, आणि तो केसभर किती हे डोळ्यास दिसत नाही. ऐशा वाद्यास खूण करावयास पंत स्वतः आले. दावलखां म्हणाले, "पंत, सारंगीस गोंदवावयाचे असेल तर आधी माझे कपाळ गोंदवा." पंत म्हणाले, "खांसाहेब, राज्याचे काम आहे." दावलखांनी पंतांकडे पाहिले, आणि काय मनात आले कोण जाणे, म्हणाले, "करा. जेथे म्हणाल तेथे करा. भर दरबारी वाजवोन दाखवितो."

मग सकाळचे गार वेळी पेटी वाजवोन, तात तिजशी मिळवोन, सारंगीवर लाखेच्या तांबड्या खुणा केल्या, आणि दोन प्रहरी दरबार भरला. उन्हाळा तो, उन्हाने भिंती तापल्या होत्या. तात म्हणजे आतड्याची, ती हवेबरोबर चढते उतरते, हे शेळीसही ठाऊक. सकाळी लाविलेली तात उतरोन बसली होती, आणि खुणा जेथल्या तेथे. दावलखांनी अत्तर लाविले, सलाम केला, गज टेकविला, आणि नेमके खुणेवर, जराही इकडे तिकडे न करिता, वाजवो लागले. अरे देवा! जो आवाज निघाला तो ऐकोन भालदार भाला टाकोन कानात बोटे घालता जाहला, दारचे कुत्रे उठोन पेठेत गेले, आणि महाराजांनी चेहरा स्थिर ठेवावयाचा फार यत्न केला तो फसला. पंत ओरडले, "खांसाहेब, खुणेवर बोट ठेवा!" दावलखां वाजवीतच म्हणाले, "खुणेवरच आहे. यावे, पाहावे." पंत उतरोन आले, वाकले, नाक तातीस लागे तेथवर जाऊन पाहिले, तो नख नेमके तांबड्या रेघेवर. पंत म्हणाले, "मग हे वाजते काय?" दावलखां म्हणाले, "हा आपला हुकूम वाजतो, पंत."

दरबार हसला. आणि तेथेच घात जाहला, कारण सज्जन मनुष्यास शिवी पचते, हसे पचत नाही. पंतांनी खुणा खरवडोन भर उन्हात नव्या करविल्या, तो तिसरे प्रहरी आभाळ आले, वारा सुटला, तात पुन्हा हलली, नव्या खुणाही खोट्या पडल्या. दुसरा कोणी असता तर म्हणता कीं खूणच करू नये. परंतु पंतांस माप खोटे म्हणणे म्हणजे बापास खोटे म्हणणे. त्यांनी विचार केला कीं पेटी खरी, खूण खरी, आणि तरी सूर खोटा, तर मग खोटे कोण? आणि भर दरबारात निवाडा सांगितला कीं सारंगी फितूर जाहली, हिला सिंहासनाचे समयी दरबारात येण्याची बंदी, साथीला पेटी. वाद्यावर फितुरीचा आरोप आमचे हयातीत तरी दुसरा ऐकिला नाही. सदोबा नाईक मान डोलावीत म्हणाले, "वाहवा, न्याय!" महाराज काही बोलू लागले, परंतु गादीवर बसेपर्यंत राजाने कारभाऱ्याचा निवाडा फिरवो नये ऐसी चाल, म्हणोन ओठ चावोन गप्प राहिले. दावलखांनी सारंगीस गवसणी घातली आणि म्हणाले, "चला बाईसाहेब, आपण फितूर जाहलो," आणि घरी गेले.

मग महालात पेटी आली आणि मातुश्री तिजबरोबर ओवी म्हणो लागल्या. ओवी पिढीजात, ती ऐशी:

बैस माझ्या तान्ह्या, बापाचिये ठायी,
तुज सावलीला राहो तयाची पुण्याई.

पेटी वाजविण्यास नाईकांनी आपणहून कष्ट घेतले, म्हणाले आमची पेटी आम्हीच जाणतो. बाईसाहेबांनी सूर लाविला तो पेटीचे दोन पट्ट्यांच्या मध्ये पडे. खालची पट्टी दाबिली तर बाईसाहेब वर, वरची दाबिली तर बाईसाहेब खाली. नाईक म्हणत, "मातुश्री, थोडे वर यावे." मातुश्री वर जात, गळ्यास ओढ बसे, ठसका लागे. "आता थोडे खाली." खाली येत, तो आवाज बसे. ऐसे नित्य चालले. शेवटी एके दिवशी बाईसाहेबांनी पदर तोंडास लाविला आणि म्हणाल्या, "पंत, माझा सूर ह्या पेटीच्या फटीत पडला. तो काढावा कसा?" पंत खाली पाहो लागले. म्हणाले, "मातुश्रींनी किंचित सवय केली तर..." बाईसाहेब म्हणाल्या, "सवय? नवऱ्यामागे जगावयाची सवय करीत्ये आहे, तीच जाहली नाही, आणि आता ही करू?" पंत मुजरा करोन मागल्या पायी बाहेर गेले.

महाराजांस हे कळले. ते आईकडे आले, पाय चेपो लागले, म्हणाले, "आईसाहेब, तुम्ही गाऊ नका. गळा फाडोन मिळालेले सिंहासन मला नको. वर्ष जाईल, वर्षास काय?" तेव्हां त्या माउलीने लेकाचा हात झटकिला. म्हणाल्या, "वर्षास काय? शिक्केकट्यार एकदा त्या गोडबोल्याचे हाती गेली तर माघारी येईल ऐसे कोणी सांगितले तुला? तुझ्या बापाने मुलूख तळहातावर जपिला. मी गाईन. बेसूर तर बेसूर, पण गाईन." आणि मग हळूच म्हणाल्या, "पण राया, मला भीती वाटते रे." महाराजांनी आईचे मांडीवर डोके ठेविले. आम्ही रोजकीर्दीचे कारकून दाराशी होतो, आमचे डोळे भरले, ते लिहिले तर काय बिघडले?

दुसरे दिवशी मातुश्रींनी दावलखांस महालात बोलाविले. खांसाहेब आले, परंतु सारंगी आणिली नाही. मुजरा करोन म्हणाले, "फितुराचा मालक हजर आहे." मातुश्री म्हणाल्या, "टोमणे पुरे, मियां. माझा सूर राहिला नाही, ते सांगावयास बोलाविले. तुमचे बापाने माझे सासूस साथ केली. तुम्हीच सांगा, काय करू?" तेव्हां त्या गर्विष्ठ माणसाचा चेहरा पालटला. म्हणाला, "बाईसाहेब, सूर राहिला नाही ऐसे होत नाही. तो कोठे तरी गेला असेल. जेथे गेला असेल तेथे मी जातो. आपण नुसते गावे." मातुश्री म्हणाल्या, "मग उद्या याल?" तो पुन्हा मान ताठ! म्हणाले, "बंदी पंतांनी केली, बोलावणे पंतांचे यावे. भर दरबारी फितूर म्हटले, भर दरबारी बोलवावे. नाही तर माझी सारंगी उंबरा ओलांडणार नाही." मातुश्री म्हणाल्या, "हट्टी ते हट्टीच! बरे, उंबऱ्याबाहेर तरी बसा." तितके त्यांनी कबूल केले.

सिंहासनारोहणाचा दिवस उजाडला. तोरणे लागली, चौक सारविले, सनईवाले बसले, मुहूर्त मोजावयास घटिकापात्र पाण्यात सोडिले, आणि अवघे सरदार येऊन सिंहासनाकडे पाठ करोन बसले. पागोट्यांच्या मागच्या बाजू तेवढ्या दिसत, चेहरा एक दिसेना. कारकुनांस मात्र पाठ करण्याची चाल नाही, कारण मग लिहावे कोणी? म्हणोन आम्हांस अवघे दिसत होते. महाराज सिंहासनाचे पायरीशी उभे. मातुश्री पांढरे नेसोन आल्या. सदोबा नाईक पेटीपुढे बसले आणि भात्यास हात घातला. मातुश्रींनी सुरू केले, "बैस माझ्या तान्ह्या..." आणि पेटी एकीकडे, गळा एकीकडे. दरबार हलला नाही. दुसऱ्यांदा सुरू केले. नाईकांनी पट्टी जोराने दाबिली, तो भोंगा ऐसा मोठा निघाला कीं बाईसाहेबांचा आवाज त्याखाली बुडालाच. एक पागोटे हलले नाही. घटिकापात्र भरत चालले. नाईक मोठ्याने, पण फार अदबीने म्हणाले, "मातुश्रींचा सूर पेटीस मिळत नाही. दैवाची इच्छा. आता शिक्केकट्यारेविषयी..."

तेव्हां एक गोष्ट जाहली ती कोणाचे स्वप्नीही नव्हती. गिरमाजीपंत उठले. चेहरा पांढरा फटक. चालत पेटीपाशी गेले आणि नाईकांचे बोटांवरच पेटीचे झाकण घालोन बंद केले. नाईक "आई गं!" म्हणोन ओरडले, आणि ते मात्र सुरात ओरडले. पंत म्हणाले, "नाईक, तुमची पेटी आपली जागा सोडीत नाही. मग बाईसाहेबांनी जावे कोठे? चूक माझी." आणि कारभारी ऐसा मातबर मनुष्य, सोगा सावरीत, उपरणे घसरत, भर दरबारातून पळत सुटला, एक जोडा मध्येच राहिला, आणि उंबऱ्याशी जाऊन दावलखांपुढे हात जोडोन मोठ्याने म्हणाला, "खांसाहेब, सारंगी फितूर नाही. फितूर मी जाहलो, माझ्या कानांशी. आत या. पाया पडतो." दावलखां तितक्यातही अत्तराची कुपी काढू लागले. पंत म्हणाले, "अहो, घटिकापात्र बुडते!" तेव्हां मात्र खांसाहेब उठले आणि धावले, आणि आयुष्यात प्रथमच अत्तराविना सारंगी घेऊन बसले.

त्यांनी सूर मागितला नाही, आपला दिला नाही. गज हातात धरोन मातुश्रींचे तोंडाकडे पाहात राहिले. मातुश्रींनी डोळे मिटले आणि आरंभिले, "बैस माझ्या तान्ह्या," आणि गज टेकला. प्रथम तर सारंगी वाजते कीं नाही हेच कळेना. गळा जेथे, तेथे ती. गळा कापला, ती कापली. मग ओवी "बापाचिये ठायी" येथवर आली, आणि त्या शब्दासरसे बाईसाहेबांस थोरले महाराज आठवले असतील, आवाज एकाएकी खाली सरकला आणि ऐशा ठायी जाऊन थांबला कीं तेथे ना सा, ना रे, ना कोणते नाव. आता बुडाले, ऐसे आम्हांस वाटले, आणि लेखणी हातात थिजली. परंतु दावलखांचे नख तातीवरोन बाईसाहेबांचे बरोबर उतरले, पुढे नाही, मागे नाही, आणि त्या बिननावाच्या ठायी जाऊन त्यांचेपाशी उभे राहिले. वर ओढिले नाही. घाई केली नाही. खालच्या बारीक तारा आपोआप गुणगुणो लागल्या. तो एक क्षण दरबारात नुसते दुःख उभे होते, आणि ते बेसूर नव्हते. मग बाईसाहेबांचे ध्यानी आले कीं आपण तेथे एकट्या नाही. त्यांनी श्वास घेतला, डोळे उघडिले, लेकाकडे पाहिले, आणि "तुज सावलीला राहो" म्हणत हळूहळू वर निघाल्या, सारंगी बरोबर, चढत चढत, आणि "तयाची पुण्याई" यावर येऊन जो सूर लागला तो पूर्वी देवघरात लागे तैसा भरदार, आणि गळा कोणता आणि तात कोणती हे प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला असता तरी त्यास सांगवले नसते.

दरबारात एक म्हातारे सरदार होते, त्यांनी हयातीत कोणास चांगले म्हटले नव्हते, जावयासही नाही. प्रथम त्यांचे पागोटे वळले. गालावरोन पाणी वाहात होते आणि त्यांस त्याची शुद्ध नव्हती. त्यांनी कमरेत वाकोन मुजरा केला, आणि मग शेजारचे वळले, मग त्यांचे मागचे, आणि मग धरण फुटावे तैसा अवघा दरबार वळला, चेहरेच चेहरे, आणि मुजऱ्यांवर मुजरे, आणि "महाराजांचा जय!" ऐसी आरोळी उठली ती वेशीबाहेर गेली. महाराज पायरी चढले आणि सिंहासनी बसले, आणि तिकडे घटिकापात्र बुडाले. तोफा सुटल्या. सनईवाले कोणी न सांगता वाजवो लागले. पेठेत हत्तीवरोन साखर वाटली, आणि बासरीवाले, रबाबिये रस्त्यात येऊन हुकुमाबाहेरचे जितके सूर होते तितके वाजवो लागले, आणि लोक एकमेकांचे गळ्यात पडले.

सदोबा नाईक सुजलेली बोटे फुंकीत उभे राहिले. त्यांनी शेवटचा डाव टाकिला. म्हणाले, "महाराज, हरकत घेणे माझा हक्क आहे. मातुश्री मध्येच ज्या ठायी उतरल्या आणि सारंगीही उतरली, तो सूर कोणता? माझे पेटीत तो सूरच नाही. जो सूरच नव्हे त्यावर दोघे मिळाले, याला मिळणे म्हणावे कीं लबाडी?" पंत काही बोलू गेले, दावलखांचे हात गजावर वळले, परंतु महाराजांनी हात वर केला. सिंहासनावर बसल्यावरचे हे त्यांचे पहिले बोलणे. म्हणाले, "नाईक, तो सूर आमचे आईचा होता. तो तुमचे पेटीत कसा असेल?"

यावर नाईकांनी मान खाली घातली आणि त्याच दिवशी कूच केले. पेटी राहिली, ती लहान मुलांस सूर ओळखावयास दिली, तिचा काही दोष नव्हता. खुणांचा हुकूम रद्द जाहला. पंत कारभारावर कायम राहिले, शेर आणि साचे अजून त्यांचेच चालतात, मात्र गाणे सुरू जाहले कीं डोळे मिटोन बसतात. दावलखांस मानाचा पोशाख जाहला आणि गर्व दुप्पट जाहला.

एवंच, राज्य तलवारीने मिळाले, तहाने बांधिले, आणि त्या दिवशी एका कानाने राखिले. मातुश्री अजून गातात आणि सूर अजून सरकतो, आणि सारंगी जेथे सरकेल तेथे जाते. जैसे ऐकिले तैसे लिहिले. लिहिता लिहिता आमचाही आवाज कोठे खाली गेला असेल, तर वाचणाराने वर ओढू नये, घटकाभर बरोबर खाली यावे, इतकेच मागणे.